कूस

फरशीवर बसा.

खुर्ची नको, उशी नको. भिंतीला पाठ टेका, पाय पसरा. फरशी गार लागते. लागू दे.

मोबाइल आतल्या खोलीत ठेवून या. ट्यूब बंद करा. देवापुढची समई अजून तेवते आहे, तेवढा उजेड पुरे.

समोर भुरी आहे.

भुऱ्या रंगाची, म्हणून भुरी. कानांच्या कडा किंचित काळ्या. गळ्याखाली मऊ, जाडसर वळी. दिवाणाखाली, भिंतीलगत, चारही पाय पोटाखाली घेऊन ती बसली आहे. मळून झाकून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी.

तुम्ही आलात हे तिला मान न वळवताच कळलं. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असतात, त्याला मागचंसुद्धा दिसतं. अगदी नाकासमोरचं तेवढं दिसत नाही. म्हणून हात थेट तिच्या तोंडापुढे न्यायचा नाही.

खरं तर हात आत्ता न्यायचाच नाही.

मांडीवर ठेवा. तळवे उघडे, वरच्या बाजूला.

श्वास घ्या. सोडा.

पुन्हा एकदा.

*

तिच्या नाकाकडे बघा.

हलतं आहे. वर-खाली, वर-खाली. घाबरली की भरभर हलतं. निवांत झाली की मंद होतं, पेंग आली की थांबल्यासारखं वाटतं.

आत्ता कसं हलतंय?

नुसतं बघा. उत्तर द्यायला कुणी सांगितलेलं नाही.

आता नाकावरून नजर हळूहळू मागे न्या. गालावरून, कानाच्या मुळावरून, पाठीच्या गोलाईवरून. मग खाली, बरगड्या संपतात तिथे.

तिथे थांबा.

ही कूस.

वर येते. खाली जाते. तुमचा एक श्वास पुरा होतो तोवर तिचे तीन-चार होतात. तिच्या गतीनं श्वास घ्यायला जाऊ नका, दमाल. तुमचा तुम्ही घ्या. तिचा ती घेईल.

आपल्या भाषेत कूस म्हणजे अंगाची बाजू. झोपेत माणूस कूस बदलतो. आणि कूस म्हणजे गर्भाची जागाही. एकाच शब्दात बाहेरचं आणि आतलं.

बाहेरचं तुम्हाला दिसतं आहे.

वर येते. खाली जाते.

आत कुणी असेल. नसेल.

हे दोन शब्द आज जवळ जवळ ठेवून द्या. असेल. नसेल. कुठल्याच शब्दाला पुढे ढकलू नका.

*

मन कोजागिरीकडे जाईल. जाऊ द्या. त्याच्या मागोमाग जा, पण तिथे मुक्काम करू नका.

सगळे गच्चीवर आहेत. आटीव दूध, जायफळ, चारोळी. पातेल्यात चंद्र पडला आहे. मुलं चंद्रावरचा ससा शोधतायत. एकाला कान दिसतात, दुसरीला नुसता डाग. शशी म्हणतात चंद्राला, शशांक म्हणतात: ज्याच्या अंगावर सशाची खूण आहे तो. ही खूण कशी उमटली याची गोष्ट जातककथांत आहे. भुकेल्या पाहुण्याला द्यायला सशाजवळ काहीच नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःलाच विस्तवात झोकून दिलं. विस्तवानं त्याला भाजलं नाही. पाहुणा होता शक्र, देवांचा राजा. त्यानं सशाचं चित्र चंद्रावर काढून ठेवलं.

गच्चीवर सगळे तो ससा बघतायत.

खाली घरात दोन ससे आहेत, आणि बेडरूमचं दार कुणीतरी उघडं टाकलं आहे.

दुकानदारानं दोन्ही माद्या म्हणून दिले होते. भुरी आणि पिंकी. सशाच्या पिल्लांत नर कोण, मादी कोण हे ओळखताना जाणत्यांचीही चूक होते. गणपतीच्या सुमारास पिंकीचा पिंट्या झाला आणि त्याची रवानगी बेडरूममध्ये झाली.

एक वाजता तुम्ही खाली आलात. दोघे शेजारी शेजारी बसलेले. भुरी कान साफ करते आहे, दोन्ही पंजांत धरून, वेणी घालावी तसा. फरशीवर केसांचा एक पुंजका. बाकी काही नाही.

सशांचा संग काही सेकंदांचा असतो. आणि मादीचं बीज दिवस ठरवून सुटत नाही. ते संग झाल्यावरच सुटतं, दहा-बारा तासांनी. म्हणजे दुसऱ्या दिवशी, तुम्ही ओट्यापाशी दुधाचं करपलेलं पातेलं खरवडत होतात तेव्हा.

सुटलं असेल तर.

कॅलेंडरवर कोजागिरीच्या चौकटीत पेन्सिलीनं एक टिंब दिलं आहे. तिथून 30 ते 32 दिवस. क्वचित दोन-तीन कमी किंवा जास्त. चंद्राला पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत यायला साडेएकोणतीस लागतात. पुढची पौर्णिमा त्रिपुरी.

एवढं माहीत असलं की झालं.

परत या. फरशीवर. समईच्या उजेडात.

कूस वर येते. खाली जाते.

*

उद्या पुन्हा इथेच बसा. परवाही.

याच वेळी, याच भिंतीला टेकून. सशाला वेळापत्रक आवडतं. रोज एकाच वेळी येणाऱ्या माणसाला तो हळूहळू घरातल्या वस्तूंमध्ये धरतो. त्याच्या दृष्टीनं तो मोठा मान आहे.

येताना मूठभर गवत घेऊन या.

मूठ नाकाशी धरा आधी. वाळलेल्या गवताचा वास घ्या. थोडा चहाचा, थोडा उन्हाचा, थोडा गावाकडच्या माळ्याचा.

मग तिच्यापासून हातभर लांब ठेवा, आणि ऐका.

करकर. करकर. करकर.

हा आवाज सावकाश ऐकण्यासारखा आहे. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, वर्षाला चार-पाच इंच. गवत चावूनच ते झिजतात, आणि गवतानंच आतडी चालती राहतात. म्हणून ताटलीत इतर काही असो-नसो, गवत सदैव समोर हवं. चित्रांतल्या सशांच्या हातात गाजर देणाऱ्यांनी पुष्कळ सशांची पोटं बिघडवली आहेत. गाजर म्हणजे त्यांची मिठाई. पाला द्या. मुळ्याचा, कोथिंबिरीचा. एखादी जुडी दूर्वा.

आणि हे दिवस गाभण मादीचे असले तर थोडा लसूणघास जास्त. नसले, तर थोडा जास्त झाल्यानं आठवडाभरात बिघडत नाही.

हे लक्षात येतं आहे का? असेल तरी गवत. नसेल तरी गवत. पाण्याचं जड भांडं, उथळ, रोज घासलेलं. लपायला खोका, त्याला दोन दारं. पिंट्या पलीकडे, दार लावलेलं. दोन्ही उत्तरांना तीच कामं.

मग तुम्ही उत्तर का मागताय इतकं?

मागू दे मनाला. ते मागतंच. त्याला शेजारी बसवून घ्या.

करकर. करकर.

*

बाराव्या दिवशी वसुबारस येते.

उंबऱ्याशी गाय-वासराची रांगोळी आहे. वासराचं तोंड गाईच्या पोटाशी. आज दिवाळीचा पहिला दिवा लागणार.

सकाळी भुरीला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. सगळेच डॉक्टर ससे बघत नाहीत, बघणारे शोधावे लागतात. त्यांनी तिला टेबलावर टॉवेल टाकून बसवलं, एक हात खांद्यांवर, दुसरा पोटाखाली. डोळे मिटले. मला ते आवडलं. बोटांनी बघायचं असतं तेव्हा डोळे मध्ये येतात.

दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या मध्ये जाणत्या बोटांना गर्भ लागतात. द्राक्षांएवढे, एका ओळीत, निसटते.

डॉक्टर म्हणाले, काहीतरी लागतंय. पण लेंड्याही असू शकतात.

मग हसले. तुम्हीही हसलात. पुढच्या आठवड्यात हवं तर सोनोग्राफी करू, आज ती फार थरथरतेय, घरी न्या. आणि घरी दाबून बघू नका.

आता संध्याकाळ आहे. तुम्ही पुन्हा जमिनीवर आहात.

डावा तळहात उघडा. उजव्या हाताचं एक बोट त्यावर ठेवा. तिथे एक द्राक्ष आहे असं समजा, पातळ सालीचं, नाशकाकडचं. बोट असं ठेवा की सालीला कळेल, आणि आतल्या रसाला कळणार नाही.

तेवढाच भार.

तेवढ्या भारानं थोडा वेळ राहा.

बाईला दिवस गेले की आपण तिला दोन जिवांची म्हणतो. भुरी असलीच, तर सहा-सात जिवांची असेल. अख्खी एवढीशी ती, आणि आत इतकी गर्दी. किंवा आत नुसत्या लेंड्या. मेथीच्या, मुळ्याच्या, आज सकाळच्या गवताच्या.

दोन्ही तिचंच आहे.

बोट उचला. तळहात मिटू नका.

*

लक्ष्मीपूजनाच्या रात्री लवकर बसा.

आज आतल्या खोलीत. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. तिच्या खोक्यावर जुनी गोधडी, एक बाजू उघडी. पंखा मंद ठेवा. त्याचा एकसारखा आवाज बाहेरच्या आवाजांची धार थोडी कमी करतो.

पहिली माळ लागते.

भुरीचे कान ताठ. डोळ्यांच्या कडा पांढऱ्या. मागचा पाय उचलला जातो आणि फरशीवर आपटतो.

धप्.

रानात, बिळांच्या वस्तीत, या आवाजानं सगळ्यांना कळतं की धोका आहे. इथे बीळ नाही, वस्ती नाही. तुम्ही आहात. ती तुम्हाला सांगते आहे.

ऐकलं म्हणा. मनातल्या मनात.

तिला उचलून छातीशी धरावंसं वाटेल. नका धरू. भ्यालेला ससा मागच्या पायांनी इतक्या जोरानं झटका देतो की त्याच्याच मणक्याला इजा होते. आणि पोटात कुणी असेल तर… वाक्य पुरं करू नका.

फक्त खाली बसा. आणखी खाली. जमलं तर आडवे व्हा. उंच माणसापेक्षा आडवं माणूस सशाला कमी भीतीचं वाटतं.

तुमचा गाल फरशीला लागला आहे. तिची नजर आणि तुमची नजर आता एका पातळीवर.

बाहेर सुतळी बॉम्ब फुटतो.

श्वास घ्या. सोडा.

भित्र्या माणसाला सशाचं काळीज असतं असं आपण म्हणतो. ते काळीज शांत असतानाही मिनिटाला दीडशे-दोनशे ठोके देतं. आत्ता किती देत असेल. इतक्या लहान डब्यात इतकं वाजणं, आणि तरी ती पळत नाही, गोधडीखाली बसून राहते. याला भित्रेपणा म्हणायला माझं मन घेत नाही.

धप्.

ऐकलं.

श्वास घ्या. सोडा.

दोन आवाजांच्या मध्ये जी जागा आहे ती शोधा. आहे. अगदी लहान असली तरी आहे. तिथे पंखा ऐकू येतो. तिथे समोरच्या खोक्यात गवताची एक काडी मोडल्याचं ऐकू येतं.

ती खाते आहे.

खातो आहे तोवर ससा ठीक आहे. हे पाठ करून ठेवा. अर्धा दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर सकाळची वाट पाहायची नाही, डॉक्टरांना उठवायचं. गाभण मादीच्या बाबतीत तर तासाचाही हिशेब.

पण आत्ता ती खाते आहे.

करकर. करकर.

*

भाऊबीज होते. पाहुणे येतात, जातात. मुलांनी खाली किल्ला केला आहे, त्यावर हळीव पेरलेत, हिरवी लव आली आहे. धाकटी एक चिमूट आणून भुरीपुढे धरते. बाळंतिणीला हळिवाचे लाडू देतात ना, म्हणून. कुणी तिला शिकवलं हे ठाऊक नाही. भुरी हुंगते आणि खाते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, सतराव्या, सकाळी ती तोंडात गवत घेऊन उभी आहे.

खात नाहीये.

बसा. आवाज न करता बसा.

दोन्ही गालांच्या बाहेर काड्या आल्या आहेत, झुपकेदार मिशांसारख्या. ती कोपऱ्यात जाते. तिथे कुणालाच न दिसणारं काहीतरी तिला दिसतं. काड्या खाली ठेवते. पुढच्या पंजांनी दाबते. नाकानं सारखं करते. परत येते. पुन्हा तोंडभर.

बघत राहा.

किती काळजीनं चाललंय हे. बाजारात जागा धरावी तसं नाही. देवघर पुसावं तसं.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. संग होऊनही गर्भ राहिला नाही, तरी मादीचं शरीर काही दिवस राहिल्यासारखं वागतं. सोळा ते अठरा दिवस. त्या दिवसांच्या शेवटी ती घरटं करते, कधी अंगावरचे केसही उपटते. मग सगळं सोडून देते. याला खोटी गाभण म्हणतात.

आज सतरावा.

बघा, मनात काहीतरी खचलं. किंवा सुटल्यासारखं झालं. जे झालं ते बघा. त्याला नाव देऊ नका.

मला तो खोटी शब्द रुचत नाही. या काड्या खऱ्या आहेत. तिच्या जबड्याचा हा नेट खरा आहे. आत कुणी नसलं तरी ती ज्या कुणासाठी हे करते आहे, त्याच्यासाठी ती खरोखरच करते आहे.

पुन्हा तोंडभर. पुन्हा कोपरा.

मग मधेच ती थांबते. उभी राहते. विचार केल्यासारखी. आणि आणलेलं गवत शांतपणे खाऊन टाकते.

सगळं.

तुम्हाला हसू येतं. येऊ द्या. हसताना खांदे हलतात, ते हलू द्या.

असेल. नसेल.

डॉक्टरांना फोन करून कळवा. सोनोग्राफीसाठी टोपली काढली तर काढा. नाही काढली तर नाही. इथे कुणी परीक्षा घेत नाहीये.

*

पुढचे दिवस साधे आहेत. गवत. पाणी. पाला. खालचं ओलं गोणपाट काढून कोरडं घालणं. पिंट्याची बेडरूम झाडणं. मादी व्याली की काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून ते दार आता कुणी विसरत नाही. त्याच्या शस्त्रक्रियेसाठी तारीख घेतली आहे. ती झाल्यावरही काही आठवडे दार बंदच ठेवायचं आहे.

रोज संध्याकाळी भिंत, फरशी, तळवे.

कूस वर येते. खाली जाते.

थोडी भरल्यासारखी दिसते का? दिसते. काल दिसत नव्हती. परवा दिसली होती. बसण्याच्या ढबीवर आहे ते.

बघत राहा.

*

कार्तिकी एकादशीला खोका ठेवा.

लाकडी असो, पुठ्ठ्याचा असो. तिला आत वळता येईल एवढा. पुढची कड वीतभर उंच, म्हणजे पिलू आचळाला लोंबकळत बाहेर येऊन पडणार नाही. तळाशी कागद, वर मऊ वाळलेलं गवत, भरपूर. काळोखा कोपरा. माणसांच्या वाटेपासून दूर.

ठेवा, आणि मागे सरका.

रिकाम्या खोक्याकडे बघा.

आपण ससा हा एकच शब्द दोन प्राण्यांना वापरतो. आपल्या माळरानातला ससा वेगळा. तो बीळ करत नाही. त्याची पिल्लं गवताच्या आडोशाला जन्मतात ती अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन. घरचा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. त्याची पिल्लं जन्मतात ती उघडी, गुलाबी, बोटभर. डोळे मिटलेले, कान मिटलेले. दहा-बारा दिवस त्यांना जग दिसत नाही. त्यांना लागतो फक्त काळोख आणि ऊब.

म्हणून हा खोका. म्हणून एवढं गवत.

समजा काहीच झालं नाही, तर तिला बसायला एक चांगली जागा झाली.

त्या रिकाम्या जागेसमोर थोडं बसा.

आपणही कशाकशासाठी जागा करून ठेवलेली असते. कपाटातला एक कप्पा. टेबलाचा एक खण. आत्ता तुम्हाला कुठली आठवली?

तिला भरू नका. बंदही करू नका.

श्वास घ्या. सोडा.

*

त्रिपुरी पौर्णिमा. देवळाच्या दीपमाळेवर दिवे आहेत. गॅलरीच्या जाळीतून चांदणं आत आलं आहे, फरशीवर त्याचे चौकोन पडले आहेत.

महिन्यापूर्वीचाच चंद्र. त्यावरचा ससा जागच्या जागी.

आज तुम्ही जरा लांब बसा. दाराशी.

भुरी खोक्यात आहे. तिची पाठ हलते आहे. तोंड गळ्याखालच्या वळीकडे जातं, एक हिसका, आणि पांढऱ्या केसांचा झुपका बाहेर येतो. तो ती गवतावर ठेवते. पुन्हा मान खाली. आता छातीचा. आता पोटाचा.

आवाज येतो. अगदी बारीक. जुनं सुती कापड लांब कुठेतरी फाटावं तसा.

दुखत असेल का?

या दिवसांत ते केस सैल होतात, सहज निघतात. ती थांबत नाहीये, कण्हत नाहीये. केस निघतात तिथे कातडी दिसते, आणि आचळं मोकळी होतात. एकाच कामात अंथरूणही होतं आणि दूध पिणाऱ्याची वाटही.

पिणारा आला तर.

गवतावर केस साठतायत. धुक्यासारखे. कापूस पिंजून ठेवावा तसे.

तुमच्या छातीशी हात न्या. स्वतःच्याच. खाली काय हलतं ते बघा.

तिथेच राहा.

ती पुन्हा वाकते. एक झुपका.

पुन्हा एक.

*

आता उठा.

हेच अवघड आहे. महिनाभर बसायला सांगितलं, आता उठायला सांगते आहे. यापुढचं तिला एकटीला करायचं आहे. माणूस बघत असेल तर ससा अडखळतो.

पाण्याचं भांडं भरलेलं आहे ना? गवत आहे ना? दार हळूच ओढा. कडी लावू नका, वाजते.

अंथरुणावर पडा. झोप येणार नाही.

कूस बदला.

आता तुमचीच कूस वर येते आहे. खाली जाते आहे. चादरीच्या आत, काळोखात. तुम्हाला ती दिसत नाही, नुसती कळते.

घरात एक घड्याळ आहे. ते ऐका. त्याच्या पलीकडे फ्रिजची घरघर. त्याच्या पलीकडे रस्ता. त्याच्याही पलीकडे काही ऐकू येत नाही. तिथे कान ठेवून पडून राहा.

*

पहाट आहे. दिवा लावू नका, उजाडतंच आहे.

अनवाणी जा.

भुरी खोक्यात नाही. ती दिवाणाखाली, नेहमीच्या जागी, पाय पोटाखाली घेऊन बसली आहे. नाक मंद हलतंय. पोटाकडचे केस विरळ. ती दमलेली आहे, किंवा नुसती बसली आहे. घाबरू नका: सशाची आई पिल्लांजवळ बसून राहत नाही. दिवसातून एकदा येते, चार-पाच मिनिटं पाजते, आणि निघून जाते. बिळाची जागा कुणाला कळू नये म्हणून. तिचं दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी सायीचं असतं, तेवढ्यावर दिवस निघतो.

ती लांब बसली आहे, यावरून काहीच ठरत नाही.

खोक्याजवळ गुडघे टेका.

गवताच्या खळग्यात केसांचा ढीग आहे. पांढरा, भुरा. गच्च.

हलतोय का? तुमचा श्वासच लागतोय त्याला. तोंड बाजूला करा.

बघायला हवं. असतील तर मोजायला हवीत, एखादं गार पडलं असेल तर इतरांच्या उबेत सरकवायला हवं, एखादं गेलं असेल तर काढायला हवं. माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते असं सांगतात. तुमच्या हातून रोज पाला खाणाऱ्या सशाच्या बाबतीत ती भीती नको. आधी तिलाच एकदा कुरवाळा. तिचा वास हाताला लागू द्या.

तिच्या कपाळावर, दोन डोळ्यांच्या मधे, बोट फिरवा. एकदा, खालून वर.

ती दात हळूच घासते. अगदी हलका आवाज. बरं वाटतंय तिला.

सकाळी उठल्यावर आधी स्वतःचे तळहात बघायची आपल्याकडे रीत आहे. आज राहून गेलं.

आता बघा.

दोन्ही उघडे. महिनाभर मांडीवर असेच होते.

गार आहेत. एकमेकांवर घासा. थोडे कोमट होऊ द्या. अजून थोडे.

मग उजवा हात केसांवर ठेवा. द्राक्षावर ठेवला होता तेवढ्याच भारानं.

आणि आत न्या. सावकाश.